कच्चा कागद

माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून आहे. ऑपरेशन ठरलं की पेशंट आधी माझ्यापुढे येऊन बसतो आणि मी त्याची माहिती लिहून घेतो. आधीचे आजार, आधीची ऑपरेशनं, कुठल्या औषधाचा त्रास होतो, घरात कोणाला काय होतं. पस्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर हे काम ओळखीनं मिळालं. डॉक्टरांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नाही म्हणून मला घेतलं, असं मी धरून चाललो होतो. पण मोठ्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, तुम्ही मान वर करून कोणाकडे बघत नाही, म्हणून लोक तुम्हाला सांगतात. ही स्तुती होती की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वॉर्डाची मुख्य सिस्टर मला कादंबरीकार म्हणते. बाकीच्यांची माहिती अर्ध्या पानात बसते, माझी दोन पानं भरते. काका, पित्ताशय काढायचंय, चरित्र नाही छापायचं, असं ती चारचौघांत सुनावते आणि वर माझ्याच डब्यातलं बिस्कीट उचलते. मी हसतो. तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

कामाची माझी एक रीत आहे. आधी पेन्सिलीनं कच्चा कागद, पेशंटच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे. मग शाईनं पक्का. पक्का कागद पेशंटला वाचून दाखवायचा, ‘बरोबर?’ म्हणून विचारायचं, सही घ्यायची. आणि मग कच्चा कागद त्याच्या डोळ्यांसमोर फाडायचा; आधी चार तुकडे, मग आठ. पक्का कागद पांढरा असतो. तो खाटेला अडकवलेल्या फायलीत जातो आणि ती फाइल येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक वर्तमानपत्रासारखी चाळतो. म्हणून इस्पितळानं पिवळा कागद ठेवला आहे. घरच्यांना कळू नये असं पेशंट काही म्हणाला तर ते पिवळ्यावर लिहायचं. पिवळा कागद डॉक्टरांच्या कपाटात, कुलपात राहतो. आणि पेशंट असं काही म्हणू शकावा यासाठी शेवटची दहा मिनिटं नातेवाइकाला कसल्या तरी चिठ्ठीचं निमित्त करून खाली पाठवायचं. हे निमित्त सांगताना माझी जीभ दर वेळी अडखळते.

त्या मंगळवारी मायलेकी आल्या. आईचं वय सहासष्ट, पित्ताशयात खडे, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. आयुष्यभर कपडे शिवायचं आणि उसवून पुन्हा बेतायचं दुकान चालवलेली बाई. खुर्चीत बसताबसता तिनं माझ्या शर्टाच्या कॉलरकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. कॉलर विरली होती. लेक अडतिसाची, सरकारी खात्यात लिफ्ट तपासायचं काम करणारी. येतायेताच तिनं आमच्या लिफ्टचं निदान करून टाकलं होतं. दोरखंड ठीक आहेत, पण दार बंद होताना कण्हतंय, असं तिनं मला ऐकवलं, जणू ती लिफ्ट मीच बसवली होती.

लेक प्रश्न विचारायची. एका प्रश्नाचं उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा. भूल कोण देणार, त्यांना किती वर्षांचा अनुभव, वीज गेली तर काय, ऑपरेशनच्या खोलीचं दार आतून उघडतं की बाहेरून. मी आईला विचारलं तरी उत्तर लेकच द्यायची. आई नुसती ऐकत होती. पोरीला लहानपणापासून हीच खोड, मला प्रश्न विचारायला तिनं जागाच ठेवली नाही, एवढंच ती एकदा म्हणाली.

“मी एकटीच आहे तिला,” लेक म्हणाली. “जे काही असेल ते मला सांगा. सगळं.”

मी मान हलवली आणि तिला एक्स-रेच्या चिठ्ठीसाठी तळमजल्यावर पाठवलं. चिठ्ठी माझ्या खणातच होती. ती लिफ्टनं गेली नाही, जिन्यानं गेली.

मग मी आईला नेहमीचा प्रश्न विचारला. आता इथं कोणी नाही, डॉक्टरांना माहीत असायला हवं असं आणखी काही आहे का. बाई बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या, कापडाचा पोत बघावा तसं. मग सांगू लागल्या. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं. लग्नाआधी, दुसऱ्या गावी, मावशीकडे ठेवलं होतं तेव्हा. मूल झालं, पण वार आत अडकली, म्हणून त्यांना पूर्ण गुंगी दिली. आणि मग श्वासच परत येईना. हातपाय हलेनात, पापणी उघडेना, आतून मात्र थोडं थोडं ऐकू येत होतं. एक नर्स चार तास रबरी पिशवी दाबून त्यांना श्वास देत बसली होती. मधेच तिचे हात भरून आले तर तिनं मावशीला दाबायला शिकवलं. जगल्या. मुलगा होता. आठव्या दिवशी एका जोडप्याला दिला. त्यानंतर लग्न झालं, अठ्ठाविसाव्या वर्षी ही लेक झाली, ती सरळ, गुंगीबिंगी काही नाही. नवऱ्याला कधी सांगितलं नाही. तो बिचारा माहीत नसतानाच गेला. लेकीला माहीत नाही, कळू द्यायचंही नाही.

“तिला मी एकच गोष्ट धड दिली,” त्या म्हणाल्या. “तिची आई तिच्या एकटीची आहे, ही. ती काढून घेऊ नका.”

मी कच्च्या कागदावर लिहीत होतो. मी मुलाचं लिहीत असताना त्या थांबल्या आणि मी न विचारता आणखी एक वाक्य बोलल्या. “त्याला मी हातात घेतलं नाही. घेतलं असतं तर दिलं नसतं.” तेही मी लिहिलं. त्यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नव्हता.

मग पक्के कागद केले. पांढऱ्यावर लिहिलं: वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लहान शस्त्रक्रिया, त्या वेळी गुंगीनंतर श्वास परत येण्यास चार तास. लेकीनं विचारलं तर काय सांगाल, असं मी विचारलं. दाढ काढली होती म्हणेन, त्या म्हणाल्या. तिच्या जन्माआधीची दाढ ती कुठं तपासायला जाणार? पिवळ्यावर सगळं लिहिलं. त्यात एक ओळ होती: ‘जन्मानंतर मूल दत्तक देण्यात आले.’ हळू आवाजात वाचून दाखवलं, त्यांनी दोन्हीकडे सही केली. सही शिवणीसारखी होती, बारीक आणि एका रेषेत.

“आतली शिवण आहे ही,” त्या म्हणाल्या. “बाहेरून दिसता कामा नये.”

“नाही दिसणार.”

“आणि हा कच्चा?”

“फाडतो,” मी म्हणालो. तेवढ्यात जिन्यात लेकीची पावलं वाजली.

लेक परत आली म्हणून कागद फाडता आला नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तसं नव्हतं. पावलं वाजल्यापासून ती टेबलापाशी येईपर्यंत कागद तीनदा फाडून झाला असता. मला ते वाक्य फाडवेना. ‘देण्यात आले’ हे माझं लिहिणं आणि ‘हातात घेतलं नाही’ हे त्यांचं बोलणं, यांत कुठलं खरं, हे पस्तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासलेल्या माणसाला कळत होतं. मला ते आणखी एकदा वाचायचं होतं, निवांत, कोणी नसताना. मी कागद घडी करून माझ्या पुस्तकात ठेवला, चालू पानावर, खुणेसारखा.

मायलेकी वॉर्डात गेल्या. पिवळा कागद घेऊन मी स्वतः चौथ्या मजल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. असे कागद शिपायाहाती पाठवायचे नाहीत, हा माझा नियम. डॉक्टर भाकरीसारखा चपटा, गोरटा, सदा घाईत असलेला माणूस. उभ्याउभ्या वाचायला लागले आणि मग खाली बसले. दुसऱ्यांदा वाचलं. स्नायू सैल पडावेत म्हणून एक औषध देतात, ते बहुतेकांच्या अंगात पाच-दहा मिनिटांत विरतं. हिच्या अंगात ते तासन्‌तास तसंच राहत असणार, असं त्यांनी मला समजावलं. उद्या मी तेच देणार होतो, असंही म्हणाले. आता दुसरं देऊ. आणि हे रक्तातून येतं, तेव्हा लेकीचंही रक्त तपासून घेऊ. मग म्हणाले, कोण म्हणतं तुम्ही कादंबऱ्या लिहिता?

खाली आलो तो हवेत चालल्यासारखा. एवढ्या वर्षांत माझ्या लिहिण्यानं कोणाचा जीव वाचेल असं कधी झालं नव्हतं. छापखान्यात फार तर एखाद्या लेखकाची अब्रू वाचायची. टेबलासमोरच्या बाकावर लेक बसली होती. आईच्या रक्ताच्या तपासण्या चालू होत्या, तिला तासभर बाहेर थांबायला सांगितलं होतं, आणि तिला ते जमत नव्हतं. पाय हलवत होती, घड्याळ बघत होती, छताच्या पंख्याचे हेलकावे मोजत होती. तिनं माझ्या टेबलावरचं पुस्तक पाहिलं.

“कसलं पुस्तक आहे, काका? चांगलं आहे का?”

तीन वर्षं ते टेबल आहे, तीन वर्षं त्यावर कुठलं ना कुठलं पुस्तक आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी काय काय बोललो ते आठवत नाही. बरंच बोललो असणार, कारण ती हसली. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. वाचा, वेळ जाईल, असं म्हणालो.

पुढचा पेशंट बसचालक होता. त्याला हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. मी त्याचा कच्चा लिहिला, पक्का लिहिला, वाचून दाखवला. तो म्हणाला, तुमच्या तोंडून ऐकलं की माझा हर्नियाही भारदस्त वाटतो. सही घेतली. कच्चा कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला, आणि चार तुकडे हातात असताना मला माझं पुस्तक दिसलं. म्हणजे दिसलं नाही. त्याची टेबलावरची जागा मोकळी दिसली.

बाकावर कोणी नव्हतं.

बसचालक काहीतरी विचारत होता. मी उठलो तेव्हा माझी खुर्ची पडली, ती उचलायला मी थांबलो नाही. मागून त्यानंच ती उचलली आणि काय झालं आजोबा म्हणून हाक मारली. पाण्याच्या नळापाशी ती नव्हती. एक्स-रेच्या रांगेत नव्हती. खाली तळमजल्यावर रखवालदाराला विचारलं. त्या लिफ्टवाल्या बाई ना, तो म्हणाला, आत्ता इथंच मला लिफ्टच्या मशीनची खोली कुठं आहे म्हणून विचारत होत्या, वर गच्चीत आहे म्हणून सांगितलं, हातात पुस्तक होतं. उघडं होतं की मिटलेलं, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला पहिल्यांदाच स्वतःची जागा पेशंटच्या खुर्चीत वाटली.

लिफ्टमध्ये शिरलो. दार कण्हत बंद झालं. तिसऱ्यावर एक स्ट्रेचर आत आलं म्हणून मला बाहेर पडावं लागलं. तिसरा मजला म्हणजे वॉर्ड. ती आईपाशी असली तर, हे मनात आलं आणि ती आईपाशी नसली तर, हेही आलं. यांतलं बरं कुठलं ते मला ठरवता येईना. मी आत डोकावलो. बाई खाटेवर बसून चादरीची सुटलेली किनार बोटांनी दुमडत होत्या. एकट्याच होत्या. मला धापा टाकताना पाहून त्यांनी हात थांबवला.

“कागद फाडलात ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

एवढ्या सहज मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा किनार दुमडायला घेतली. सिस्टर मागून म्हणाली, कादंबरीकार आज धावपटू कसे झाले? मी तिच्या अंगावरूनच बाहेर पडलो.

लेक लिफ्टनं जात नाही हे मला आधीच आठवायला हवं होतं. ती चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर, पायरीवर बसली होती. वरून खिडकीचा उजेड येत होता. पुस्तक मांडीवर मिटलेलं, आणि त्यावर तो कागद उघडा, तळहातानं सपाट केलेला.

मी खालच्या पायरीवर उभा राहिलो. मी नेहमीप्रमाणे तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो. पण हातांकडे पाहत होतो, आणि ते हलत नव्हते. सकाळपासून पहिल्यांदाच.

“हे डॉक्टरांना माहीत आहे ना?” तिनं विचारलं.

“आहे.”

“कुठल्या? ऑपरेशनवाल्या की भूल देणाऱ्या?”

“भूल देणाऱ्या. मीच नेऊन दिलं.”

“हातात?”

“हातात. माझ्यासमोर वाचलं. दोनदा.”

“मग काय म्हणाले?”

मी ते औषधाचं सांगितलं. ते देणार नाहीत, दुसरं देणार आहेत, हे तिनं माझ्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत गेली, तपासनिसासारखी, कुठं सैल आहे का बघत. मग प्रश्न संपले. खाली कुठंतरी लिफ्टचं दार कण्हलं.

“नऊ वर्षांनी मोठा,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. लहानपणी आपल्याला भाऊ का नाही म्हणून तिनं आईला विचारून विचारून भंडावलं होतं. आई एकदा मशीन थांबवून उठून गेली आणि संध्याकाळपर्यंत परत आली नाही. त्यानंतर तो एक प्रश्न तिनं कधी विचारला नाही. बाकी सगळे विचारले. एवढंच सांगितलं, आणि तेही खिडकीकडे बघत.

माझी चूक झाली, मी म्हणालो. फार मोठी चूक झाली. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे.

“तिला सांगू नका मला कळलंय म्हणून. उद्या ऑपरेशन आहे.”

“नाही सांगत. पण कागद फाडला असं मी त्यांना आत्ताच सांगून आलोय.”

तिनं कागद पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीशी थांबली, मी ज्या ओळीसाठी तो ठेवला होता त्याच ओळीशी. मग तो माझ्यापुढे धरला.

“मग फाडा. खोटारडे कशाला ठरता?”

मी फाडला. चार, मग आठ, मग हात थांबेनात म्हणून आणखी बारीक. तुकडे टाकायला जिन्यात टोपली नव्हती. ते मी शर्टाच्या खिशात ठेवले आणि घरी जाईपर्यंत ते छातीशी टोचत राहिले. पुस्तक तिनं परत केलं. अर्धं वाचून झालंय, नंतर न्यायला येईन, असं म्हणाली. पण ते मला बरं वाटावं म्हणून होतं, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या तासभर आधी आलो आणि काहीच केलं नाही. टेबल पुसलं, पेन्सिलींना टोकं केली, झालेली टोकं मोडून पुन्हा केली. अकराला भूल देणारे डॉक्टर चहा घेत खाली आले आणि मला बघून नुसता अंगठा वर केला. श्वास वेळेवर परत आला होता. मी एक्स-रेच्या खोलीत जाऊन, तिथं अंधार असतो म्हणून, थोडा वेळ उभा राहिलो.

पण खरी तगमग त्यानंतर लागली. बाई वॉर्डात चार दिवस होत्या, आणि मी त्या चार दिवसांत तिसऱ्या मजल्याचं नाव घेतलं नाही. त्यांना मी ‘हो’ म्हणालो होतो. लेकीला ‘नाही सांगत’ म्हणालो होतो. दोन्ही शब्द पाळायचे तर मी कोणासमोरच जायला नको होतं. शेवटी सिस्टरच म्हणाली, त्या शिवणवाल्या बाई विचारतात हो तुमचं, कॉलर उलटी करून देते म्हणतात. मला अन्न गोड लागेना.

आठव्या दिवशी दोघी टाके काढायला आल्या. टाके निघाले आणि मग त्या माझ्या टेबलाकडे आल्या, कारण लेकीच्या रक्ताचा अहवाल आला होता. तिच्यातही तेच होतं. तिची वेगळी फाइल उघडायची आणि सतत जवळ बाळगायला एक कार्ड द्यायचं, असा भूल देणाऱ्या डॉक्टरांचा निरोप होता. म्हणजे आज माहिती लेकीची आणि नातेवाईक आई. नियमाप्रमाणे आईला खाली पाठवायला हवं होतं. पोटावर हात धरून त्या इतक्या हळू खुर्चीत टेकल्या होत्या, की मला ते सांगवेना. आणि खरं सांगायचं तर ते चिठ्ठीचं खोटं निमित्त आता त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघालंच नसतं.

मी विचारत गेलो, लेक उत्तरं देत गेली. वय. काम. आधीची ऑपरेशनं, नाहीत. औषधांचा त्रास, आत्ता कळलेला हाच. घरात कोणाला? आईला. त्याखाली छापील रकाना होता: भावंडं. मी पान उलटलं.

“काका, एक रकाना सुटला,” लेक म्हणाली.

तपासनीसच ती. मी पान पुन्हा मागं केलं.

“भावंडं?”

पहिल्या दिवशी याच टेबलाशी ‘मी एकटीच’ हे ती न विचारता म्हणाली होती. शाळेपासून ते तिच्या जिभेवरच असणार. ते मी आज लिहिणार होतो, पेन टेकवलंही होतं. पण तिला ते म्हणता आलं नाही. ती माझ्या पेनकडे बघत राहिली.

“तो मोकळा ठेवा,” ती म्हणाली.

“का?” आईनं विचारलं.

प्रश्न विचारणारी लेक गप्प, आणि कधी न विचारणाऱ्या आईचा प्रश्न टेबलावर तसाच पडून. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, मापं घेताना पाहावं तसं. मग माझ्याकडे.

“तुम्ही कागद फाडला होता ना?”

त्या दिवशी पहिल्यांदा मी मान वर केली.

“फाडला,” मी म्हणालो. “पण उशिरा.”

बाईंचा चेहरा मी पाहिला आणि तो मला सांगता येणार नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा हात पोटावरून निघाला आणि लेकीच्या बाहीवर आला. तिथं एक सुटलेला दोरा होता. तो त्यांनी बोटाला गुंडाळला आणि तोडला.

“कधीपासून?” त्यांनी तिला विचारलं.

“ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून.”

“आणि इतके दिवस मला चमच्यानं सूप भरवत होतीस, तोंड मिटून. तू.”

“टाके ओले असेपर्यंत ताण पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं,” लेक म्हणाली. “आज काढले.”

बाई हसल्या की काय झालं कळलं नाही; पोटाला ओढ बसली म्हणून त्यांनी पुन्हा तिथं हात धरला. लेकीनं तो हात वरून धरला. मी खण उघडला आणि पिवळा कागद बाहेर काढला. यावर घेऊ का, असं विचारलं. कोणाला विचारत होतो ते माझं मलाही कळलं नाही. फाइल लेकीची होती.

लेकीनं आईकडे पाहिलं.

“नको,” बाई म्हणाल्या. “पांढऱ्यावरच लिहा.”

“काय लिहू?”

“एक भाऊ.”

मी लिहिलं. शाई पसरली, कारण माझा हात त्या ओळीवर गरजेपेक्षा जास्त वेळ टेकला होता. मग रीतीप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. वय, काम, औषध, आई. ‘भावंडं: एक भाऊ’ इथं आलो आणि पुढं वाचून संपवलं. बरोबर, म्हणून विचारलं.

“नऊ वर्षांनी मोठा,” लेक म्हणाली. “तेही घाला.”

दोन शब्दांच्या मध्ये राहून गेलेलं आत घ्यायची एक खूण असते. छापखान्यात ती मी हजारो वेळा केली असेल. ती केली आणि वर बारीक अक्षरात तीन शब्द घातले. लेकीनं सही केली. मग टेबलावर कच्चा कागद तेवढा उरला. मी तो उचलला, आणि बाई माझ्या हातांकडे बघताहेत हे जाणवून तसाच धरून राहिलो.

“हा तरी वेळेवर फाडा,” त्या म्हणाल्या.